उशीच्या जागी मी

आपल्याला घाबरवणारा माणूस वसई-विरारमध्ये अजून जन्मला नाही! केबलचा धंदा सोडून चाळिशीनंतर पाद्री व्हायला सेमिनरीत गेलो, तरी लोकांना दचकवायची खोड काही गेली नाही.

फुलपाड्यातली आमची प्रोटेस्टंट सेमिनरी म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. त्या दिवशी दफनविधीचं प्रॅक्टिकल होतं. मी आधी दोनदा आपटलेलो. बायकोने, बर्थाने, डबा देताना बजावलं, "यंदा नापास झालात ना, तर चढा परत खांबावर वायरी ओढायला!"

शवपेटी व्हिन्सेंट सुताराने फुकट दिलेली. अट एकच, गिऱ्हाईक आलं की पेटी परत! आत प्रेताच्या जागी उशी.

परीक्षेआधी सगळे चहाला गेले. पहिला नंबर वर्गातल्या संकेतचा. पोरगं आधीच थरथरत होतं! म्हटलं, उशी काढू, आपण झोपू. झाकण उघडलं की "भ्यॉ!"

पडलो आत, झाकण ओढून घेतलं. थोड्या वेळाने पावलं वाजली. पेटी उचलली!

"आयला, लाकूड ओलं हाय वाटतं," कोणीतरी कण्हलं.

म्हटलं, संकेतच्या टोळीने ओळखलं! मलाच घाबरवतायत! ओरडलो तर इज्जत गेली. गप्प पडून राहिलो. मग वरून दोरी आवळली. टेम्पो सुरू झाला. आता मात्र खरंच घाबरलो! ही कार्टी मला विहिरीत टाकणार! बोंब मारायला गेलो, तर उंदराएवढा आवाज. येत नव्हती ती स्तोत्रंसुद्धा आठवली!

टेम्पो थांबला. बाहेर रडारड. वा रे ॲक्टिंग! झाकण उघडलं. मी ताडकन उठलो, "भ्यॉ!"

संकेत नव्हता. अर्धं आगाशी गाव होतं! बायका मागच्या दाराने, बाप्ये कुंपणावरून, व्हिन्सेंट सगळ्यांच्या पुढे! उरली दोनच माणसं. खाटेवर पांढऱ्या चादरीखाली आजोबा, आणि शेजारी गुडघे धरून आल्बिना आजी. माझे दात कडाकडा वाजायला लागले.

"कोन रे तू?"

"पा... पाद्री होणार आहे, आजी."

"आमच्या यांचा नंबर व्हता. तू मधी घुसलास?"

खाली उतरलो. माणसं परत येईपर्यंत आजोबांजवळ उभा राहून दफनाच्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या. एक ओळ चुकली नाही! आजी डोळे पुसत म्हणाली, "बरा म्हनतोस."

छाती फुगवून सेमिनरीत परतलो. सरांनी पेटीशिवायच, टेबलावर उशी ठेवून परीक्षा उरकलेली. फळ्यावर निकाल. संकेत पास! माझ्या नावापुढे, गैरहजर.

घरी अजून गेलो नाहीये. तुमच्याकडे उंच शिडी असेल तर सांगा!