सव्वाचारचे निरीक्षण

सावरखेडच्या निसर्गनियम पडताळणी कार्यालयात मेलेली माणसे परत येतात की नाही हे रोज दुपारी सव्वाचार वाजता तपासले जाई, आणि ते काम हिरवेबाईंकडे होते. शेजारच्या टेबलावर ढोबळे नावाचे कारकून रोज एक दगड हातातून सोडत आणि तो खाली पडल्याची नोंद करत. कार्यालयाचे म्हणणे सरळ होते. काल पडला म्हणून आजही पडेल असे धरून चालणे हा आळस झाला.

बाईंचे पती मुरलीधर हिरवे याच कार्यालयात पाणी उकळण्याच्या टेबलावर होते. ते वारले आणि अनुकंपा तत्त्वावर बाईंना नोकरी लागली. तेव्हा मृतांचे टेबल तेवढे रिकामे होते, म्हणून ते मिळाले. निरीक्षकाने आपल्याच घरच्या मयताची वाट पाहावी असा नियम असल्याने माणूस शोधत बसावे लागले नाही.

काम तसे बैठे होते. रस्त्याकडचे दार उघडायचे, खुर्ची मांडायची, मृताला हाक मारायची आणि पंधरा मिनिटे थांबायचे. मात्र नोंदवहीत एक रकाना होता : ‘नियम आज मोडू शकेल असे निरीक्षकास मनापासून वाटले काय?’ तिथे ‘नाही’ लिहिले की निरीक्षण बाद. मन आधीच ठरवून बसलेल्या माणसाची तपासणी शासनाला चालत नसे. ढोबळ्यांना एकदा दगड सोडताना जांभई आली, तर त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला होता.

बाईंना तो रकाना कधी जड गेला नाही. अकरा वर्षे त्या ‘होय’ लिहीत आल्या आणि अकरा वर्षे खरे लिहीत आल्या. हिरवे जिवंतपणी तरी कुठे वेळेवर येत होते? सकाळी दूध आणायला म्हणून गेलेला हा गृहस्थ जेवणाच्या ताटावर उगवायचा, आणि वर पिशवी रिकामीच. तेव्हा अकरा वर्षे म्हणजे फार झाली असे बाईंना वाटत नसे. राग यायचा, आठवणही फार यायची. चारला त्या तोंड धुऊन, पावडर लावून येत. याला कार्यालयात कोणी हसत नसे.

मार्चमध्ये मुख्यालयाचे परिपत्रक आले. राज्यभरातील निरीक्षणांची बेरीज अनंत झाली असल्याने मृत व्यक्ती परत येत नाहीत हा नियम एक तारखेपासून कायम करण्यात येत आहे, सबब यापुढे तपासणी नको. कार्यालयप्रमुख टेंभुर्णेसाहेबांनी पेढे मागवले. नियम कायम होणे ही काही रोजची गोष्ट नव्हती. ढोबळ्यांचा दगड अजून हंगामीच होता.

बाईंनी पेढा हातात धरून विचारले की अनंत झाले हे कळले कसे. साहेब म्हणाले, बेरीज करून. मग शेवटचा आकडा कोणता, असे विचारल्यावर त्याला शेवटचा आकडा नसतो असे ते म्हणाले, आणि बाईंना पाण्याच्या टेबलावर नेमल्याचा कागद त्यांनी पुढे सरकवला.

“आणि एक तारखेनंतर कोणी आलंच तर?” बाईंनी विचारले.

“कायम नियमाविरुद्ध येता येत नाही, बाई. आले तरी आले असं आपल्याला धरता येणार नाही.”

बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दिवसातली पंधरा मिनिटे अशी होती की त्यांत नवऱ्याने परत यायला सरकारची हरकत नव्हती. बाईंचे सगळे जगणे त्या पंधरा मिनिटांच्या आधारावर चालले होते, आणि आता तीच काढून घेतली जाणार होती.

नियम कायम करण्यापूर्वीची शेवटची तपासणी करायला जिल्ह्याहून मुजावर मॅडम आल्या. मॅडम कशालाच चटकन हो म्हणत नसत, आणि नाहीही म्हणत नसत. ढोबळ्यांचा दगड पडलेला पाहून त्या “आज पडला” एवढेच बोलल्या. सव्वाचारला त्या हिरवेबाईंच्या टेबलापाशी येऊन बसल्या. बाईंनी दार उघडले, खुर्ची पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, “अहो!”

मॅडमनी पंधरा मिनिटे पुरी होऊ दिली. मग त्यांनी विचारले, “नाव नाही घेतलंत?”

बाई लाजल्या. “नवऱ्याचं नाव कसं घेणार? उखाण्यात घेतलंय. लग्नात, आणि दोनदा हळदीकुंकवाला.”

“अकरा वर्षं अशीच हाक मारताय?”

“लग्न झाल्यापासून. ओ द्यायचे की ते.”

मॅडमनी नियमपुस्तिका काढली. मृताचे नाव स्पष्ट उच्चारावे, असे तिथे छापलेले होते. ‘अहो’ म्हटल्याने कोणाला बोलावले ते सिद्ध होत नाही. आणि खरेच, समोरचा शिंपी दोनदा उठून आत आला होता. बाईंनी तसे शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलेही होते. मॅडमनी दोन हजार नऊशे चौदा निरीक्षणे बाद केली.

टेंभुर्णेसाहेब म्हणाले की अनंतातून तीन हजार गेले तरी अनंतच उरते, हे शाळेतले पोरही सांगेल. “उरत असेल,” मॅडम म्हणाल्या, “मी काढून पाहिलेलं नाही.” त्यांनी इतर कार्यालयांना फोन लावले. कार्यालये बंद होईपर्यंत कळले की राज्यभर बायकांनी ‘अहो’ अशीच हाक मारली होती. परिपत्रक मागे घेण्यात आले. मोजणी एकपासून सुरू करायची ठरली.

बाईंना आनंद झाला. मॅडम निघाल्या तेव्हा बाई त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेल्या.

“म्हणजे मी नावानं बोलावलं असतं, तर आले असते?”

“ते मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ नसते आले, हेही मला माहीत नाही. अहो म्हटल्यावर येत नाहीत, एवढंच आपल्याला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना बाईंनी नाव घेऊन पाहिले. जीभ ‘मु’पाशीच अडली आणि तव्यावरची पोळी करपली. उखाण्यात घालून चालेल का, असे त्यांनी साहेबांना विचारले. पुस्तिकेत तशी सोय नव्हती. सव्वाचारला त्यांनी दार उघडले. ढोबळ्यांनी हातातला दगड खाली ठेवला. बाईंनी पदर सारखा केला, उगाच खाकरल्या, आणि मागे-पुढे काही न जोडता म्हणाल्या, “मुरलीधर.”

नाव इतके लहान असेल असे त्यांना वाटले नव्हते. त्या दाराकडे तोंड करून बसल्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शिंप्याने मान वर केली आणि पुन्हा मशीन चालवायला घेतले. आपण अकरा वर्षे भलत्याच माणसाला बोलावत होतो, आणि आपला माणूस कुठेतरी नुसता ऐकत उभा होता, असे वाटून बाईंचे डोळे भरून आले.

साडेचार झाले. टेंभुर्णेसाहेब नियमाप्रमाणे दार लावायला उठले.

“राहू द्या जरा,” बाई म्हणाल्या. “मी नावानं हाक मारल्याची त्यांना सवय नाही. आपल्यालाच बोलावतायत हे कळायला वेळ लागेल.”

साहेबांनी कडीवरचा हात काढून घेतला.