पुंडलिकरावांचा काश्मिरी मासा

नाकाडोंगरीच्या पुंडलिकरावांनी सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात काश्मीर पाहिलं आणि गावाच्या डोक्याला कायमचा ताप झाला. शेतकऱ्यांच्या नऊ दिवसांच्या सहलीत सहा दिवस रेल्वेने खाल्ले. उरलेल्या तीन दिवसांच्या भांडवलावर हा गृहस्थ सव्वा वर्ष गावाला अक्कल शिकवत होता. इथले डोंगर म्हणजे ढिगारे, इथली थंडी म्हणजे थट्टा, आणि इथली माणसं तर विचारूच नका.

पुढच्या वर्षीच्या आश्विनात श्रावण ढिवराच्या जाळ्यात अंगावर लाल ठिपके असलेला एक मासा आला. पुंडलिकरावांनी तो उचलून डोळ्यांसमोर धरला आणि पारेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जमलेल्या मंडळींकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"हा ट्राउट आहे. काश्मीरचा."

"भाऊ, रोहू आहे तो," श्रावण म्हणाला. "खरूज झाली त्याले."

"तू काश्मीर पाह्यलं काय कधी? थंड पाण्याचा मासा आहे हा. आपला तलाव जंगलाच्या सावलीत, पाणी बर्फावानी. राह्यला इथं."

श्रावणच्या तीन पिढ्या त्या तलावात जाळं टाकत आल्या होत्या. पण त्याने काश्मीर पाहिलेलं नसल्यामुळे त्याचं मत बाद झालं. पुंडलिकरावांनी मासा घरच्या रांजणात सोडला आणि त्याच दुपारी भंडाऱ्याच्या मत्स्य खात्याच्या साहेबांना पत्र धाडलं. 'ट्राउट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. आमचे पाणी त्यास मानवले आहे.' मासा तिसऱ्या दिवशी मेला, वास सुटला, बायकोने, मंदाबाईंनी, तो उकिरड्यावर फेकला. पत्र मात्र पोचलं.

आता या गावात धान निसवून लोंब्या धरायच्या वेळी तलावाचा तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतात आणि पाणी पाळीने देतात. एका वर्षी पारेजवळच्या शेतापासून सुरुवात, दुसऱ्या वर्षी शेवटच्या शेतापासून. यंदा सुरुवात पारेपासून होती. पुंडलिकरावांच्या तीन बांध्या, धानाची खाचरं, अगदी शेवटी. सगळ्यांचा धान पाणी पिऊन झाला आणि यांची पाळी आली त्याच सकाळी साहेबांचं उत्तर आलं. सरपंच केवळरामने ते चावडीवर सावकाश, चव घेत वाचलं. दुर्मिळ माशाची पाहणी होईपर्यंत तलावातून थेंबभर पाणी सोडू नये. तुडुमाला कुलूप लागलं.

"मासा काश्मीरचा," मंदाबाई म्हणाल्या, "अन् धान आपला वाळून राह्यला."

आठ दिवस पुंडलिकराव काश्मीरबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. बांध्यांना भेगा पडल्या. नवव्या दिवशी सकाळी साहेब जीपमधून उतरले तेव्हा पुंडलिकराव पहाटेपासून कमरेइतक्या पाण्यात उभे होते. ओठ निळे पडले होते.

"को-कोमट आहे साहेब. घाम येऊन राह्यला मले. ट्राउट इथं जगनच नाही."

"पण जगतोय असं तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले. त्यांनी काठाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहिलं. "वर गरम दिसतं. तळाशी थंड असू शकतं. तळ तपासायचं यंत्र नागपूरहून मागवतो. येईल दहा-बारा दिवसांत."

पुंडलिकरावांनी पारेपलीकडे पाहिलं. दहा-बारा दिवसांनी तिथे फक्त वाळक्या पेंढ्याची तणस उरणार होती. बिचाऱ्यांना खरंच रडू यायला लागलं.

"साहेब, तो रोहू होता. श्रावण सांगते ना."

"श्रावणने ट्राउट पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय. तुमचा शब्द खोटा असेल तर आत्ता कुलूप काढतो. बोला, कुठे पाहिलात?"

"पहलगामले."

"नदीत?"

पुंडलिकरावांनी वर पाहिलं. पारेवर अख्खं गाव गोळा झालं होतं, श्रावण तर पुढेच उकिडवा बसला होता.

"सांगा ना," मंदाबाई वरून म्हणाल्या. "काहून थांबले?"

"ताटात," पुंडलिकराव पुटपुटले.

"मोठ्याने," साहेब म्हणाले.

"ताटात पाह्यला जी. तळलेला होता."

"आणि अंगावरचे लाल ठिपके?"

"मिरची असन जी."

साहेबांनी एवढं सगळं त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. तुडूम उघडला. पाणी बांध्यांत पोचलं तेव्हा दुपार झाली होती. निम्मा धान वाचला, निम्मा पोचट निघाला.

त्या दिवशी जेवणात श्रावणकडून आणलेला ताजा रोहू होता. मंदाबाईंनी त्यावर हात सैल सोडून तिखट घातलं, तळला आणि ताट समोर सरकवलं.

"घ्या. पाहून सांगा."

पुंडलिकरावांनी बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून पहिला घास घेतला.

"असाच होता," ते म्हणाले.