मैनावतीबाईसाहेबांचे रक्त पालटले ते वर्ष

देह देणारा तोच, मोडणारा तोच, त्यास आधी नमस्कार करून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ शुद्ध पंचमी, ते दिवशी राणी मैनावतीबाईसाहेब यांच्या अंगी त्यांच्या धाकट्या बंधूंच्या रक्ताचे बीज घातले, तेथून ही हकीकत. बाईसाहेबांचे वय बावन्न. वीस वर्षे राज्य केले, आणि रोज सकाळी दरबारी बसून लहानथोरांचे म्हणणे कानी घ्यावे हा त्यांचा शिरस्ता. ऐशांस रक्ताचा दुर्धर रोग जडला. तेव्हा राजधानीच्या इस्पितळी वैद्यांनी जालीम औषधे देऊन हाडांतला जुना मगज जाळिला, आणि मग बंधूंचे बीज शिरेवाटे सोडिले. बत्तिसावे दिवशी बीजाने मूळ धरले ऐसे पाहून घरी जाण्यास परवानगी दिली आणि बजावले कीं, "रक्त नवे आहे. त्याला अजून शत्रू ओळखता येत नाही. साध्या पडशानेही घात होईल. शंभर दिवस जपा, आणि ताप आला तर घटकाभरही थांबू नका."

मग बाईसाहेब महाली आल्या, त्या कशा, तर डोईस केस नाही, पावलांत जोर नाही, दोन पायऱ्या चढून तिसरीवर बसल्या. आणि महालात फुले बंद, कच्ची फळे बंद, दरबार बंद, भेटीस येणे बंद जाहले. लोक अंगणातून मुजरा करीत आणि माघारी जात. चाकरमाणसांसही दूर ठेवून यजमान रंगोजीराव यांनी तोंडास फडके बांधून स्वयंपाक आपल्या हाती घेतला. जन्मात चूल पेटविली नव्हती. पाणी उकळावे, भांडी कढत पाण्यातून काढावी, मऊ भात शिजवावा, आणि बाईसाहेबांनी दोन घास घेऊन ताट सारावे. एके दिवशी रावांनी विचारिले, "मीठ कमी पडले काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "मीठ आहे की नाही हेच कळत नाही. भुसा चावल्यागत होते. तुमचा दोष नाही." रावांनी दुसरे दिवशी पुन्हा तोच भात केला.

बाईसाहेबांस कन्या एकच, रेवतीबाई. तिला आठवा महिना, पहिलटकरीण, आईपाशी बाळंत व्हावे म्हणून माहेरी येऊन राहिलेली. वैद्यांचे म्हणणे पडले कीं, बाळंतघरी माणसांची येजा, तान्ह्याची दुखणी, म्हणून आई आणि बाळंतीण लेक हे दोन जीव एका छपराखाली ठेवणे बरे नव्हे. हे लेकीस कोणी सांगावे? रावांचा धीर होईना. मग बाईसाहेबांनीच तिला दाराशी बोलाविले, आणि आपण आत, ती बाहेर, ऐसे बोलणे जाहले. "रेवती, तू सासरी जा." "आईसाहेब, पहिलं बाळंतपण आहे. तिथं मला कोण आहे?" "तुझ्या सासूबाई आहेत. मायाळू बाई आहे." रेवतीबाई म्हणाल्या, "आणि मी तिकडे असताना तुम्हाला काही झालं तर?" बाईसाहेब म्हणाल्या, "झालं तर बातमी येईल. पण तू इथं असताना झालं, तर जन्मभर त्याचा बोल तू आपल्या बाळाला लावशील. ते मला नको." रेवतीबाईंनी पायांस हात लावणे मना होते म्हणून उंबऱ्यास कपाळ टेकिले आणि गाडीत बसल्या. बाईसाहेबांनी त्या दिवशी खिडकी उघडू दिली नाही.

ऐंशीवे दिवशी, पितृपंधरवड्यात, रेवतीबाईंस कन्या जाहली. बारशाचा सोहळा बाईसाहेबांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. पाळणा दिसला, मूल दिसले नाही, कारण बायकांची डोकी मध्ये येत होती. नाव शाल्मली ठेविले, एवढे ऐकू आले. तेव्हा ठरले कीं, शंभरावे दिवशी रेवतीबाईंनी मूल घेऊन अंगणात उभे राहावे आणि बाईसाहेबांनी खिडकीतून पाहावे. त्या बोलीवर बाईसाहेब पुरता भात खाऊ लागल्या, आणि महालात भिंत धरून दहा फेऱ्या मारू लागल्या.

तों अठ्ठ्याण्णवावे दिवशी दुपारी अंगास कापरे भरले. रावांनी थर्मामीटर दिला, तो बाईसाहेबांनी तोंडातून लवकर काढिला आणि "ठीक आहे" म्हणून पुसून ठेविला. रावांनी शाल सारखी करता करता पाऊल चाचपले, ते निखाऱ्यासारखे. "अंग तापलंय तुमचं." "उन्हाचं आहे." "खिडकी बंद आहे." मग बाईसाहेबांनी त्यांचा हात धरिला आणि म्हणाल्या, "परवा लेक यायची आहे. दोन दिवस थांबा. एवढं माझं ऐका." अठ्ठावीस वर्षांत रावांनी त्यांचा शब्द मोडिला नव्हता. ते उठले, गाडी आणविली, आणि बाईसाहेबांस उचलून आत ठेविले. वाटेने बाईसाहेबांनी तोंड फिरविले ते इस्पितळ येईतो वळविले नाही. वैद्यांनी रक्त तपासले, त्यात विषार पसरू लागला होता. वैद्य म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर आमच्या हाती काही उरलं नसतं." ते बाईसाहेबांनी ऐकिले. शंभरावा दिवस इस्पितळाच्या खाटेवर गेला, आणि बारा दिवसांनी ताप उतरून घरी आल्या. तेव्हा रावांस म्हणाल्या, "मी तुमच्याशी खोटं बोलले." "कळलं होतं." "मग रागावला कसे नाहीत?" राव म्हणाले, "भ्यालो होतो. रागवायला सवड झाली नाही."

पुढे पौष शुद्धात वैद्यांनी पाहून सांगितले कीं, जुन्या रक्ताबरोबर बाळपणीच्या सर्व लसींचा गुण गेला, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, साऱ्या पहिल्यापासून टोचाव्या लागतील. आणि आता मूल मांडीवर घेण्यास हरकत नाही. शाल्मलीसही त्याच सुमारास लस द्यावयाची होती, म्हणून रेवतीबाई तिला घेऊन त्याच इस्पितळी आल्या. नर्सबाईंनी आधी नातीच्या मांडीस टोचिले, ती किंचाळली, आणि मग आजीच्या दंडास टोचिले, त्या हलकेच "आई गं" म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केले. रेवतीबाईंनी वैद्यांकडे पाहिले, त्यांनी मान डोलविली, तेव्हा मूल दिले. मुलीने फडके बांधलेले परके तोंड पाहून आणखीच आकांत मांडिला. बाईसाहेब तिला घेऊन नुसत्या डुलत राहिल्या. पुष्कळ वेळाने ती दमली आणि सुई टोचलेल्या त्याच दंडावर डोके टाकून निजली. दंड ठणकत होता. रेवतीबाई म्हणाल्या, "आईसाहेब, इकडे द्या, दुखत असेल." बाईसाहेब म्हणाल्या, "राहू दे."

सारांश, बंधूंच्या रक्तावर बाईसाहेब जगल्या. दरबार अजून एक प्रहरच भरतो, दुपारी निजावे लागते, तिखट सोसत नाही, आणि रोग फिरून येणार नाही ऐसे वैद्य छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. रोग जिंकिला ऐसे म्हणवत नाही. चालले आहे, इतके लिहून लेखणी ठेविली.