ग्रह विचाराधीन आहे

निवृत्त माणसाला घरात कोणतं काम द्यावं, हा प्रश्न त्या घरात बरेच दिवस प्रलंबित होता. सासरे नगररचना विभागातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. कार्यालयात त्यांना शेरेसाहेब म्हणत, कारण त्यांच्या टेबलावरून शेरा न घेता पुढे गेलेला कागद आजवर कोणी पाहिला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघराची पाहणी केली. मग मिठाची बरणी 'तात्पुरत्या स्वरूपात' हलवली आणि चहात साखर किती असावी यावर कुटुंबाकडून हरकती व सूचना मागवल्या. मुलाने मुकाट्याने फिरतीची नोकरी मागून घेतली. घरात उरली सून.

सून दातांची डॉक्टर. आठवडाभर ती लोकांच्या तोंडात डोकावून बघे आणि रविवारी दुपारी आकाशगंगेवर राज्य करी. 'नभोराज्य' नावाच्या संगणकीय खेळाची शहरात स्पर्धा चाले. प्रत्येक संघाकडे एक साम्राज्य, प्रत्येक साम्राज्याला एक मूळ ग्रह आणि वसाहतीचं एक जहाज. तिच्या संघात औषधांच्या दुकानाचा मालक होता, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई होत्या आणि चौथा एक होता, त्याची बदली झाली. चार माणसं नसतील तर संघ बाद. दोन हंगाम दुसऱ्या क्रमांकावर येऊन सुनेच्या जिवाला तो करंडक लागून राहिला होता. संघातले सगळे तिला कॅप्टन म्हणत. कॅप्टनने मिठाच्या बरणीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं.

"बाबा, एवढंच लक्षात ठेवा," रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडत ती म्हणाली. "सुरुवातीच्या खेळींत जो पसरला तो तरला. जवळचा बरासा ग्रह दिसला की जहाज उतरवायचं. तिथे वस्ती वाढली की दुसरं जहाज बांधता येतं, मग तिसरं."

"आणि ग्रह चांगला नसला तर?"

"बरा असला तरी पुरे. आधी उतरा, मग नीटनेटकं करा."

शेरेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे अनधिकृत बांधकामाचं तत्त्वज्ञान आहे, सूनबाई."

कॅप्टन हसली. तो विनोद असावा असा तिचा समज झाला.

नशीब असं की पहिल्याच फेरीत जवळ एक हिरवागार ग्रह सापडला. पाणी होतं, हवा होती, खाली धातूही होते. जहाजाची जबाबदारी शेरेसाहेबांकडे होती. पडद्यावर प्रश्न आला : 'येथे वसाहत करायची?' शेरेसाहेबांनी 'नंतर' निवडलं.

"बाबा! नंतर काय नंतर?"

"या ग्रहाची मागणी कोणी केली आहे?" शेरेसाहेबांनी विचारलं. बैठकीत ते सुनेलाही 'आपण' म्हणत. "आपण ती पाहिली आहे का?"

"जहाजात माणसं बसलीत, तीच मागणी!"

"माणसं बसलेली आहेत, हे मान्य. बसायला त्यांची हरकत दिसत नाही." त्यांनी ग्रह माउसने सावकाश फिरवून पाहिला. "दुसरं असं की, हा गोल आहे. म्हणजे याची दर्शनी बाजू कोणती, हे आधी ठरायला हवं. नाहीतर उद्या कोणीही उठून मागची बाजू पुढची म्हणून दाखवेल."

औषधवाला खुदकन हसणार होता, पण शेरेसाहेब त्याच्याकडे वळले. "पाण्याच्या प्रश्नातलं आपल्याला कळतं. जलनियोजन उपसमितीचं अध्यक्षपद आपण घ्यावं." औषधवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या काढून दिल्या होत्या. कोणी त्याला कधी अध्यक्ष केलं नव्हतं. त्याने हसू गिळलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. भूगोलाच्या बाईंकडे दर्शनी बाजू निश्चिती समिती आली. बाईंनी पृथ्वी फिरते असं पोरांना सांगण्यात हयात घालवली होती. एखादा ग्रह आपल्या निर्णयासाठी थांबून राहील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. कॅप्टनने कपाळावर हात मारला. तिचा विरोध नोंदवून घेण्यात आला.

पुढच्या रविवारी औषधवाला स्वतःच्या नावाची पाटी घेऊन आला. बाई समितीचा अंतरिम अहवाल घेऊन आल्या. त्यात दर्शनी बाजू एकापेक्षा जास्त असू शकतात, असं मत व्यक्त केलं होतं. जहाज घिरट्या घालत होतं. आणि त्याच दुपारी शेजारच्या साम्राज्याच्या प्रमुखाने, म्हणजे बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने, आपलं जहाज आणलं आणि त्या हिरव्या ग्रहावर धाडकन उतरवलं.

"गेला! ग्रह हातचा गेला!" कॅप्टन ओरडली.

"गेला कुठे? आहे तिथेच आहे," शेरेसाहेब शांतपणे म्हणाले. "अतिक्रमण झालं आहे." आणि खेळातल्या निरोपाच्या चौकटीत त्यांनी टाइप केलं : 'आपण सदर ग्रहावर उभारलेली वस्ती विनापरवाना असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सर्व काम तात्काळ थांबवून खुलासा सादर करावा.'

"बाबा, तो शत्रू आहे. पोट धरून हसेल तो."

हार्डवेअरवाला हसला नाही. त्याच्या दुकानाची पायरी कित्येक वर्षं पदपथावर हातभर पुढे आलेली होती. 'निदर्शनास आले आहे' हे तीन शब्द वाचताच त्याचा हात आपोआप माउसवरून उठला. खेळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या पोटाला ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो चकचकीत पितळी कड्यांचा खोका घेऊन दारात हजर झाला.

"साहेब, चूक झाली. उतरून बसलोय खरा, आता उठवू नका. काहीतरी मार्ग काढा."

"हा खोका उचला आधी," शेरेसाहेब कडाडले. "मी आयुष्यात कोणाचं काही घेतलेलं नाही."

ते अक्षरशः खरं होतं. त्यांनी कोणाचं काही घेतलं नव्हतं आणि कोणाला काही दिलंही नव्हतं, परवानगीसुद्धा. त्यांनी हार्डवेअरवाल्याला नियमितीकरणाचा प्रस्ताव पाठवायला सांगितलं आणि तोवर ग्रहावर वीटही न रचण्याची तंबी दिली. हार्डवेअरवाला हात जोडून गेला. जाताना कॅप्टनला हळूच म्हणाला, "ताई, साहेबांकडे जरा शब्द टाका."

बातमी पसरली. उगाच लफडं नको, म्हणून बाकीची साम्राज्यंही उतरण्याआधी शेरेसाहेबांना विचारू लागली. एकाने तर स्वतःच्या मूळ ग्रहासाठीच परवानगी मागितली. पूर्वी घ्यायची राहून गेली होती म्हणाला. आकाशगंगेतली सगळी जहाजं जिथल्या तिथे थांबली. या खेळात कोण कोणाचं ऐकतं यावरूनही गुण मिळतात, आणि आता सगळे एकाचंच ऐकत होते. ज्या साम्राज्याकडे नवा असा एकही ग्रह नव्हता, ते गुणतक्त्यात सर्वांत वर जाऊन बसलं.

कॅप्टनने तो तक्ता पाहिला. पुन्हा पाहिला. तिचा राग हळूहळू निवळला.

"बाबा," ती जरा घुटमळत म्हणाली, "औषधवाले अध्यक्ष, बाई अध्यक्ष. मग माझ्याकडे काय?"

"आवक-जावक."

"मी कॅप्टन आहे!"

"मग सर्वोच्च समन्वयक करू."

ते मात्र तिला आवडलं. त्या आठवड्यात दवाखान्यात एक बाई गाल धरून आल्या. दाढ पार सडलेली होती. कॅप्टनने आत डोकावलं, मान हलवली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमची दाढ विचाराधीन आहे." बाईंनी सुजलेल्या गालानेच मान डोलावली आणि विचारलं, "मग मी परत कधी येऊ?" भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांना सवय होती. कॅप्टनला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. तिला कौतुक वाटलं, स्वतःचं.

खेळात मध्यावर टोळधाड येते. ती कोणा माणसाच्या ताब्यात नसते, संगणकच ती चालवतो. तोवर सगळ्यांनी भरपूर ग्रह वसवून तोफा उभारलेल्या असतात, असं खेळ रचणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. यंदा टोळधाड आली तेव्हा तिच्या वाटेत फक्त प्रस्ताव होते. टोळांनी एक ग्रह खाल्ला. मग दुसरा. शेरेसाहेबांनी नोटीस काढली. नोटीस घेऊन गेलेलं यानही टोळांनी खाल्लं.

"पोच आली नाही," शेरेसाहेब गंभीरपणे म्हणाले. "स्मरणपत्र पाठवू."

"बाबा, त्यांना वाचता येत नाही!"

"ही सबब कायद्यात बसत नाही."

हार्डवेअरवाल्याचा फोन आला. "साहेब, माझा ग्रह नियमित झाला असता तर केव्हाच तोफा बसवल्या असत्या. आता बसवू का?"

"प्रस्ताव पाठवा."

"टोळ दारात आलेत हो!"

"मग वर 'तातडीचे' असं लिहा."

फोन कट झाला. पडद्यावरचा हिरवा ठिपकाही विझला.

मूळ ग्रहाभोवती कॅप्टनच्या मोजक्या लढाऊ नौका होत्या. टोळ टप्प्यात होते आणि गोळा डागायचा हुकूम तिच्या हातात होता. मागचे दोन हंगाम असते तर तिने पापणी लवायच्या आत तो दिला असता. आता तिच्या मनात आलं, डागला आणि हरलो तर? सगळे म्हणतील, समन्वयकबाईंनी कोणाला न विचारता डागला. तिने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "टोळ दर्शनी बाजूने येताहेत की मागून, ते ठरल्याशिवाय माझी संमती कशी देऊ?" औषधवाला म्हणाला, "उपसमितीची बैठक व्हायला हवी. मी एकटा काय बोलणार?" शेरेसाहेब म्हणाले, "निर्णय सामूहिक असावा." त्या सामूहिकपणात टोळांनी मूळ ग्रह खाल्ला. संघ तळाला गेला आणि पुढच्या हंगामासाठी खालच्या गटात ढकलला गेला.

शेवटी शेरेसाहेबांनी लॅपटॉप मिटला. "प्रक्रियेत कुठेही त्रुटी राहिलेली नाही," ते म्हणाले. आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पाटी पिशवीत घालून औषधवाला शीळ घालतच जिना उतरला.

हायसं कॅप्टनलाही वाटलं होतं, आणि तेच तिला खाऊ लागलं. चहा देताना ती सरळ म्हणाली, "बाबा, पुढच्या हंगामात तुम्ही नाही."

शेरेसाहेबांनी कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "सूनबाई, अख्ख्या नोकरीत माझ्यावर एकदाही ठपका आला नाही."

"आणि तुमच्या सहीने एखादी वस्ती उभी राहिली, बाबा? एक तरी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"राहिली की," ते म्हणाले. "आमच्या विभागाची इमारत. मंत्री उद्‌घाटनाला यायचे होते, घाई होती. परवानगी घ्यायची राहूनच गेली." मग हळूच म्हणाले, "म्हणून तर झाली."

पुढच्या हंगामात त्यांच्या जागी फिरतीवरून परतलेला मुलगा बसला. समित्या बरखास्त झाल्या. पहिल्याच फेरीत एक ग्रह दिसला. ओबडधोबड, पण बरासा. कॅप्टनने टेबलावर मूठ आपटली. "यंदा थांबायचं नाही! उतरायचं!"

"उतरायचं!" सगळे एका सुरात म्हणाले.

जहाज उतरेना.

"दाब की," कॅप्टन नवऱ्याला म्हणाली.

"मी कसा? मी नवा आहे. कॅप्टन तू आहेस."

"जहाज तुझ्याकडे आहे."

"ग्रह बराय," बाई म्हणाल्या, "पण उद्या पाणी आटलं तर माझं नाव यायला नको."

"माझंही," औषधवाला म्हणाला.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघांनीही, कोणी पाहत नाही असं बघून, आपापला हात हळूच टेबलाखाली घेतला.

अशा रीतीने ती जागा सध्या रिकामी आहे. या मंडळींचं ज्यांना हसू आलं असेल, त्या वाचकांपैकी कोणीही यावं, खुर्चीत बसावं आणि जहाज उतरवावं. घाई अजिबात नाही. आधी घरी विचारून या.