घागकाकांचे पुठ्ठे

अल मवालेहच्या बाजारात लोक भाजी-फळं आणायला जातात, घागकाका रिकामी खोकी आणायला. खोकं उलगडायचं, पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवायचा, मधोमध काळा ठिपका काढायचा, की झालं नेमबाजीचं निशाण तयार.

इकडे आखातात, सीबला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे घागकाका मूळचे चिपळूणकडचे. रुस्ताकजवळ त्यांच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग आहे. तिथे कावळे फार. अर्बाबकडे परवान्याची छऱ्यांची बंदूक आहे. पण छरे कुठे पसरतात हे सांगायचा मान काकांचा. दर शुक्रवारी तीस पावलांवर पुठ्ठा उभा करायचा, अर्बाबनं बार काढायचा आणि काकांनी भोकं मोजायची. "पॅटर्न बघितल्याबिगर बार नाय!" हे त्यांचं ब्रीद. फोडणीची मोहरी भिंतीवर उडाली तरी ते चष्मा लावून म्हणत, "डावीकडं जास्त हाय."

बंदुकीचा निकालही वर्षभर तोच. "अर्बाब, लेफ्ट जाता है. राइट पकडो." अर्बाब बिचारा उजवीकडे धरी आणि कावळा आरामात उडून जाई. एवढ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकही कावळा मेला नव्हता.

एका शुक्रवारी मीही गेलो. बार झाला. काका पुठ्ठा आणायला निघाले, मी मागोमाग. छरे ठिपक्याभोवती अगदी गोल बसले होते. काकांनी तो पुठ्ठा शांतपणे निशाणाजवळच्या पंपाच्या खोलीत सरकवला आणि तिथून दुसरा काढला. त्यावर सगळी भोकं डावीकडे! दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत हातोडी का वाजते, ते तेव्हा कळलं.

"यल्ला, घाग, क्या हुआ?" अर्बाब ओरडला.

"फिर लेफ्ट, अर्बाब!"

परतताना गाडीत मी त्यांना झापलं. "काका, खाल्ल्या मिठाला तरी जागा! बंदूक सरळ आहे, आणि कावळे त्याचा खजूर खातायत."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"आय गेली तवा व्हिसाच्या घोळात मी हितंच अडकलो. दहाव्याला गावाला भाऊ दुपारपर्यंत पिंडापाशी उभा, कावळा शिवला नाय. मी हितं बागेत केळीच्या पानावर भात ठेवला, तर लगेच शिवला. आय माझ्याकडं आली रे. आता ह्यातला तो नेमका कुठला, कसं ओळखू?"

 

पुढच्या गुरुवारी मवालेहहून खोकी मीच आणली. काकांनी खिळा धरला, मी हातोडी घेतली.

"डावीकडं," ते म्हणाले, "जरा दाट होऊ दे."