शेवग्याखालचा स्टँड

सबिहाचा कॅमेऱ्याचा स्टँड सकाळी परसातल्या शेवग्याखाली सापडला, तेव्हा त्याच्या टोकाला सुतळीनं विळा बांधलेला होता आणि शेजारी सुपात शेंगांची रास पडली होती.

“अम्मी, हे काय केलंत?”

“शेंगा काढायची आकडी मोडली ना,” सासूबाई, नसीमबी, शांतपणे म्हणाल्या. “तुझा ह्यो दांडा लई चांगलाय गं. ओढल तेवढा लांब हुतोय. आपल्या बांबूला जमतंय का असलं?”

हा दांडा म्हणजे एका पायाचा स्टँड. एकात एक बसणाऱ्या नळ्या आणि त्या घट्ट धरणारे खटके. माकणीच्या शाळेत शिकवणाऱ्या सबिहाचा त्यावर फार जीव. तिच्या लेन्सची ताकद बेताची, म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ती कन्व्हर्टर नावाचं बुटकं नळकांडं बसवायची. त्यानं लांबचा पक्षी जवळ यायचा, पण उजेड कमी व्हायचा आणि हात जरासा हलला तरी फोटो पुसट. हा एकपायी स्टँड सगळं वजन पेलायचा आणि पक्ष्यामागं वळायला तिला मोकळं ठेवायचा.

जिल्ह्यातल्या पक्षीमित्रांच्या कॅलेंडरसाठी फोटो द्यायचा आज शेवटचा दिवस होता. सबिहाला एकच फोटो हवा होता, पाण्यात सूर मारणाऱ्या कवड्या खंड्याचा. दोन हिवाळे ती त्या काळ्यापांढऱ्या पाखराच्या मागं होती. “कन्व्हर्टर लावून सूर? मॅडम, ते न्हाय व्हायचं,” असं त्याच गटातल्या रणधीरनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. रणधीरकडं हातभर लांब महागडी लेन्स होती आणि मतंही तेवढीच लांब होती.

सबिहानं विळा सोडला, स्टँड पुसला आणि धरण गाठलं. रणधीर आधीच ठाण मांडून बसलेला. तिनं लेन्स स्टँडवर बसवून कॅमेऱ्याला डोळा लावला. खंड्या दिसला. मग नुसतं पाणी दिसलं. मग काठावरचा चिखल. विळ्याचे हिसके खाऊन खटका ढिला झाला होता आणि वजनानं नळी आत सरकत होती. डोळ्याशी धरलेला कॅमेरा जागच्या जागी, लेन्सचं नाक मात्र खाली खाली.

“मॅडम, तुमच्या स्टँडला झोप आली जनू,” रणधीर म्हणाला.

तिनं सुतळी गुंडाळून पाहिली, ती घसरली. स्टँड काढून कॅमेरा नुसता हातात धरला, तर अख्खं धरण थरथरायला लागलं. शेवटी तिनं पुन्हा स्टँडच टेकवला.

तेवढ्यात खंड्या आला. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला. काय ती त्याची एकाग्रता! वाऱ्यात सगळं अंग हलत होतं, पण डोकं ठोकून बसवल्यासारखं स्थिर, नजर माशावर. याला नाही स्टँड लागत, असं सबिहाच्या मनात आलं आणि तिनं बटण दाबलं. खंड्यानं पंख मिटले आणि इकडं खटका पुरता सुटला. पाखरू खाली, लेन्सचं नाकही त्याच्याबरोबर खाली. मागोमाग सबिहाही चिखलात बसली, पण बोट बटणावरून हललं नाही.

रणधीरच्या फोटोंत नुसते शिंतोडे होते. सबिहाच्या एका फोटोत मात्र मागचं सगळं पाणी ओढल्यासारखं पुसट आणि मधोमध खंड्या लख्ख, चोचीचं टोक पाण्याला जेमतेम टेकलेलं.

रणधीरनं तिचा कॅमेरा हातात घेऊन फोटो पाहिला. मतं लांब असली तरी माणूस दिलदार होता.

“काय फोटो हाय, मॅडम! पाखराबरोबर लेन्स खाली आणली कशी तुम्ही?”

“स्टँड आमच्या अम्मींनी तयार करून दिलाय,” सबिहा म्हणाली आणि तिनं विळ्याची आणि शेंगांची हकीकत सांगितली.

घरी नसीमबी दारातच उभ्या होत्या. शेंगांची आमटी तशीच झाकून ठेवलेली.

“बेटा, म्या बिघडवलं का गं तुझं?”

सबिहानं फोटो पुढं धरला.

“या अल्ला! पाखरू हाय का फेकलेला विळा!” नसीमबींना डोळ्यांतलं पाणी लपवता येईना. सबिहाला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि तिनं मारलीही.

फोटो कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर आला. पुढच्या रविवारी रणधीर दारात हजर. एका हातात नवाकोरा महागडा स्टँड, दुसऱ्या हातात विळा.

“चाची, माझ्या बी स्टँडनं जरा शेंगा काढा की.”

नसीमबींनी स्टँड पुरता ओढून पाहिला आणि मग मान वर करून परसात नजर फिरवली.

“शेंगा संपल्या, बाबा,” त्या म्हणाल्या. “पर चिंच लई उंच हाय. ती उतरवू आधी, मग बघू तुझ्या फोटूचं.”

रणधीर निमूटपणे विळा बांधायला बसला.