शिंगांची गिटार

"हिला नखाचा ओरखडा जरी उठला ना, तर पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस!" ऑर्केस्ट्राचे मालक तात्याराव मास्तर यांनी एवढं बजावून आपली लालभडक इलेक्ट्रिक गिटार बलभीमच्या हवाली केली.

नेहमीचा गिटारवाला तापाने आडवा झाला होता. पोळ्याच्या संध्याकाळी गावच्या दूध सोसायटीच्या अंगणात कार्यक्रम होता. जमलं तर बलभीमला कायमची जागा मिळणार होती. खरं सांगायचं तर त्याला वाजवण्यापेक्षा ती गळ्यात अडकवून उभं राहायचीच जास्त हौस. काय ते रूप! आरशासारखं अंग, लांब मान, चंदेरी खुंट्या. अशा गिटारीला शोभतील असे केस करून घ्यावेत म्हणून ती ओसरीवर टेकवून गडी न्हाव्याकडे गेला.

इकडे त्याची आई केशरबाई सकाळपासून रिकाम्या गोठ्याकडे बघून डोळे पुसत होती. दुष्काळामुळे गावातले सगळे बैल नळदुर्गजवळच्या चारा छावणीत. ऐन पोळ्याला सजवायचं कुणाला? इतक्यात तिला ओसरीवरची गिटार दिसली. तांबडं अंग, वर दोन डौलदार शिंगं. तिला एकदम भरून आलं.

बलभीम परतला तेव्हा गिटारीच्या खांद्याला हळद-लोणी चोळलेलं होतं, शिंगं हिरव्या ऑइलपेंटने रंगली होती, मानेला घुंगुरमाळ आणि शेंड्याला बाशिंग!

"माय! काय करून ठिवलंस गं हे?"

"तुझ्या पोटाला आता हाच देणार न्हवं? मग ह्योच आपला बैल!"

बलभीमने रॉकेल ओतून रंग पुसायला घेतला. हिरवा लालमध्ये मिसळून शेणाचा रंग झाला.

"आता वरून झूल टाक," केशरबाई शांतपणे म्हणाली, "काय दिसत न्हाय."

स्टेजवर मास्तरांनी झूल वर करून पाहिली.

"हे काय आहे?"

"गिटार, मास्तर."

"माझी?"

तेवढ्यात पडदा सरकला. बलभीमने तारा छेडल्या. लोण्याने बोटं या टोकाची त्या टोकाला घसरू लागली आणि लाउडस्पीकरमधून प्रत्येक सूर हंबरत बाहेर पडला. कित्येक दिवसांत हंबरणं न ऐकलेलं गाव ताडकन उठून उभं राहिलं!

शेजारची सारजाबाई ओवाळणीचं ताट घेऊन थेट स्टेजवर चढली. तिने गिटारीला ओवाळलं, पुरणपोळीचा घास पुढे केला. तोंड कुठे ते कळेना, म्हणून तो तिने बलभीमला भरवला.

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब पाटील गरजले, "वेशीत तोरण रिकामं लटकतंय. चला, बैल न्या तोरणाखालनं!" मग आठवण होऊन म्हणाले, "पण पहिला मान आमच्या घरचा हाय."

शेवटी गिटार पाटलांच्या गळ्यात पडली. तिची वायर कासऱ्यासारखी धरून बलभीम पुढे, मागे ढोलकी, आणि त्यामागे हसून हसून मुरकुंडी वळलेलं सारं गाव. मास्तर तेवढे कपाळ धरून चालत होते. वेशीबाहेर त्यांनी बलभीमला गाठलं.

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

तोच जवळच्या मुरुम गावचे दोन व्यापारी गर्दीतून पुढे घुसले. "मास्तर, आमच्या गणपतीत ह्योच बैल पायजे! दुसरं काय नको."

मास्तरांचा आवाज लोण्याहून मऊ झाला. "येतो की! तोवर आमचा नेहमीचा गिटारवाला बरा होईल. चांगला शिकलेला आहे."

बलभीमचं तोंड एवढंसं झालं. तशी केशरबाई पदर खोचून, लेकाचा हात धरून पुढे आली.

"मास्तर, एकटा बैल कुणी जुपतंय व्हय? त्याला जोडी लागतीय."

"व्हय की!" मुरुमकरांनी माना डोलावल्या. "जोडीच आणा."

मास्तर घुटमळले. "पण मावशी, हा वाजवायला फार कच्चा आहे हो."

केशरबाईने लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली,

"नवा हाय अजून, जुपला की शिकंल. पर मारका न्हाय, ही हमी माझी!"